नदीकाठच्या उद्यानाचा अभ्यास कुणाकडून करून घ्यावा?

विचारलेला प्रश्न असा: गोव्यातल्या नदीकाठच्या एका पालिकेला आपल्या हद्दीतल्या सुमारे सव्वा किलोमीटर काठावर उद्यान, पायवाट आणि जमल्यास छोटा धक्का करता येईल का, हे तपासायला सल्लागार नेमायचा आहे. मंडळात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, निविदा काढा आणि सर्वांत कमी दराला काम द्या. दुसऱ्याचं म्हणणं, साबरमतीसारखं काम केलेली मोठी कंपनी आणा. मुख्याधिकाऱ्यांना फाईल पुढे न्यायची आहे, त्यासाठी निवडीची पद्धत हवी आहे.

दोन्ही तटांचं लक्ष कंपनीवर आहे. प्रत्यक्षात पालिका विकत घेते ती सहा-सात माणसांची काही महिन्यांची मेहनत आणि काठावर झालेली मोजणी. निवडीची पद्धत या दोन गोष्टींभोवती बांधली, तर कंपनी लहान असो की मोठी, अहवाल कामाचा निघतो. नाही बांधली, तर मोठ्या नावाकडूनही रंगीत चित्रांचं पुस्तक हाती येतं.

साबरमतीचं उदाहरण निघालंच आहे तर त्याबद्दल. अहमदाबाद शहरात पात्रात दिसणारं पाणी वासणा बंधाऱ्याने अडवलेलं आणि नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आहे. तिथे पाण्याची पातळी माणसाच्या हातात असते. आपल्याकडे मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, हा फरक दोन मीटरच्या आसपास जातो. मे महिन्यात काठावरचं पाणी खारं असतं आणि ऑगस्टात तिथेच जवळजवळ गोडं. वर्षाचा तीन हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. म्हणून अनुभव मोजायचा तो ‘रिव्हरफ्रंट’ या शब्दावर मोजू नका. भरती-ओहोटीच्या नदीवर, मऊ चिखलाच्या काठावर, सीआरझेडमध्ये (बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी नियमन क्षेत्रात) केलेलं काम विचारा. अशी दोन लहान कामं केलेली कंपनी मला भरतीच न पाहिलेल्या मोठ्या कंपनीपेक्षा केव्हाही परवडते.

जाहिरातीआधी मंडळाच्या ठरावात एक गोष्ट लिहून घ्या: हे काम शक्यता तपासण्याचं आहे, आणि ज्याला ते मिळेल त्याला पुढचा सविस्तर आराखडा किंवा बांधकामाची देखरेख मिळणार नाही. कारण सरळ आहे. पुढचं काम प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीवर मिळणार असेल, तर ‘इथे भिंत नको, मातीचा उतार आणि झाडं पुरेत’ असं लिहिणं म्हणजे सल्लागाराने स्वतःच्या फीला कात्री लावणं. यावर आक्षेप येतो की मग सातत्य राहत नाही, नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. तो आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय करारात आहे: मोजणीची सगळी मूळ माहिती पालिकेची. ते पुढे येईलच. आणि अभ्यासातल्या पर्यायांत ‘काठ आहे तसा ठेवून फक्त साफसफाई आणि दिवाबत्ती’ हा पर्याय सक्तीचा करा. त्याचा खर्चही इतर पर्यायांसारखाच मांडला गेला पाहिजे.

आता पालिकेने स्वतः करायची तयारी. ही झाली नसेल तर सल्लागाराचे पहिले दोन महिने कागद गोळा करण्यात जातात आणि त्याचे पैसे तुम्ही देता.

पहिला कागद जमिनीचा. पट्ट्यातल्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदा (जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा), सिटी सर्व्हे झालेल्या भागात त्याच्याऐवजी फॉर्म डी, आणि मोजणी नकाशा. कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामाईक संस्थेची) जमीन कुठे, सरकारी कुठे, खासगी कुठे, कुणी मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारं कूळ) राहतो का, हे एका नकाशावर रंगवून ठेवा. काठाला खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेली सखल शेतजमीन) लागून असेल तर बांध आणि मानस (बांधातला पाणी आत-बाहेर सोडणारा दरवाजा) कुठे आहेत तेही दाखवा. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी जी खास कलमं आहेत, त्यांत खाजन जमिनीवर विकासकामांना मनाई आहे. मानशीच्या तोंडावर पायवाट काढून पाण्याची वाट अडवली, तर आतली शेती जाते आणि प्रकल्प कोर्टात जातो.

दुसरा कागद सीआरझेडचा. गोव्याचा किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखडा चेन्नईच्या एनसीएससीएम या केंद्रीय संस्थेने तयार केला आणि २०११ च्या अधिसूचनेखाली त्याला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्या अधिसूचनेत भरतीच्या नदीकाठी सीआरझेडची मर्यादा १०० मीटर किंवा नदीची रुंदी, यांतलं जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत ती ५० मीटरवर आली, पण तिचा लाभ त्या अधिसूचनेखालचा आराखडा मंजूर झाल्यावरच. आपल्या पट्ट्याला आज काय लागू आहे, हे जीसीझेडएमएकडून (गोव्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून) लेखी घ्या आणि ते पत्र निविदेला जोडा. नाहीतर एक सल्लागार ५० मीटर धरून दर देईल, दुसरा १०० धरून, आणि दोघांची तुलनाच होणार नाही. तिवरांचा सलग पट्टा १,००० चौरस मीटरहून मोठा असेल तर त्याभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा येतो. सव्वा किलोमीटरच्या काठात असा एक तुकडा निघाला तरी उद्यानाचा आकारच बदलतो.

तिसरी तयारी गटारांची. पट्ट्यात नदीला मिळणारी सगळी तोंडं मोजा, प्रत्येकाची रुंदी आणि तळाची पातळी नोंदवा. पालिकेचा कनिष्ठ अभियंता आणि मुकादम दोन ओहोट्यांत हे करू शकतात. हे इतकं महत्त्वाचं यासाठी की उद्यान करताना काठ हमखास उंच केला जातो. मग जोराचा पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली की गटाराचं पाणी बाहेर पडत नाही, मागे बाजारात शिरतं. नदीकडून पाणी उलट येऊ नये म्हणून झडपा लावल्या, तर झडप बंद असताना साठणारं पाणी कुठे थांबणार, याचा हिशेब लागतो. तो ज्या अहवालात नाही तो अहवाल अपुरा.

पातळीवरून आठवलं: निविदेत एकच संदर्भपातळी सांगा. साबांखाचे (सार्वजनिक बांधकाम खात्याचे) आणि जलस्रोत खात्याचे आकडे सहसा सरासरी समुद्रपातळीवर असतात, बंदर कप्तान खात्याचे आणि भरतीच्या तक्त्यांचे चार्ट डेटमवर, म्हणजे साधारण सर्वांत खोल ओहोटीच्या पातळीवर. गोव्याच्या किनाऱ्यावर या दोहोंत एक मीटरहून जास्त फरक आहे. दोन्ही आकडे एकाच नकाशावर मिसळले गेले की कागदावर कोरडी दिसणारी पायवाट जूनच्या पहिल्या उधाणाला पाण्याखाली असते. ही चूक नवख्यांचीच होते असं नाही.

कार्यकक्षा लिहिताना ‘आवश्यक ते सर्व सर्वेक्षण करणे’ असं एक वाक्य टाकून सुटू नका. त्या वाक्याचा अर्थ प्रत्येक बोलीदार आपल्या दरानुसार लावतो. सव्वा किलोमीटरसाठी मी असं मागेन: रस्त्याच्या कडेपासून नदीच्या खोल भागापर्यंत दर ५० मीटरला एक आडवा छेद, पाण्याच्या पातळीची सलग ३० दिवसांची नोंद, दर १५ मिनिटांनी, म्हणजे उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांची दोन पूर्ण चक्रं सापडतात, प्रवाहाचा वेग एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, प्रत्येकी किमान १३ तास, काठाने साधारण दर १५० मीटरला एक बोअर, म्हणजे आठ-नऊ, कठीण थर लागेपर्यंत, क्षारता मे आणि ऑगस्ट अशी दोनदा, आणि काठावरच्या प्रत्येक झाडाची व तिवराच्या पट्ट्याची जागेसह नोंद. क्षारतेचे दोन आकडे नसतील तर झाडांची यादी अंदाजपंचेच होते. पावसात लावलेली रोपं तरारतात आणि एप्रिलात मुळाशी खारं पाणी चढलं की करपतात.

याच मोजणीच्या खर्चात निविदा बिघडते. मोजणी दरात धरली, तर कमी दर देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोजणी कापणं: नऊ बोअरच्या जागी तीन, ३० दिवसांच्या जागी तीन दिवस, बाकीचं ‘उपलब्ध माहितीवरून’. म्हणून मोजणीची रक्कम पालिकेनेच ठरवून तरतूद म्हणून निविदेत छापावी, सगळ्या बोलीदारांना सारखी, आणि झालेल्या कामाच्या बिलावर द्यावी. स्पर्धा फक्त माणसांच्या फीवर होऊ द्या. हा एक बदल केला तरी निम्मी भांडणं मिटतात.

माणसांमध्ये किनारी अभियंता हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गरजेचा. बहुतेक प्रस्तावांत वास्तुविशारद आणि भूदृश्यरचनाकार ठळक असतात, अभियंता शेवटच्या पानावर. काठाची भिंत कशी मरते ते पाहिलं की गरज कळते. चिऱ्याची किंवा काँक्रीटची भिंत उभी केली, मागे माती भरली, वर पेव्हर बसवले. भरतीला पाणी भिंतीमागच्या मातीत मुरतं. ओहोटीला नदी झपाट्याने उतरते, पण मातीतलं पाणी तितक्या वेगाने बाहेर येत नाही, आणि ते आतून भिंतीला ढकलत राहतं. ते निघून जायला भिंतीत भोकं ठेवतात. भोकांच्या मागे जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) आणि खडीचा थर नसेल तर पाण्याबरोबर बारीक मातीही जाते, रोज दोनदा, थोडी थोडी. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पेव्हर खचतात, बाक तिरके होतात, आणि लोक ठेकेदाराला शिव्या घालतात. दोष बहुधा आधीच्या कागदातला असतो. शिवाय भिंतीच्या पायाशी प्रवाह माती खरवडतो. काठ जिथे वळतो तिथे जास्त. म्हणून अभ्यासात कुठे भिंत, कुठे दगडांचा उतार, कुठे नुसती तिवरं, हे काठाच्या तुकड्यातुकड्याने आलं पाहिजे.

अभियंत्याशिवाय संघात सीआरझेड आणि परवानग्या जाणणारा माणूस लागतो, परिसरतज्ज्ञ, माती-पाया तज्ज्ञ, खर्च आणि देखभालीचा हिशेब मांडणारा, आणि लोकांशी बोलणारा. ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) लागलीच तर ती करणारी संस्था नॅबेट या मान्यता मंडळाची मान्यता असलेली हवी. शेवटच्या, म्हणजे लोकांशी बोलणाऱ्या माणसाला शोभेचा समजू नका. काठावर होड्या कुठे ओढून ठेवतात, जाळी कुठे वाळवतात, गणपती कुठून पाण्यात उतरतो, हे त्याने नकाशावर मांडायचं आहे. कुंभारजुव्याचा सांगोड हा होड्यांवरचा उत्सव किंवा साखळीला विठ्ठलापूरचा त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव बघा. तिथे एका रात्रीसाठी काठाचा वापर पूर्ण बदलतो. तुमच्या काठावर असं काही असेल तर त्या दिवशी उतार किती रुंद लागतो आणि भरती कितीवर असते, हे आकड्यात आलं पाहिजे.

धक्क्याची इच्छा असेल तर बंदर कप्तान खातं सुरुवातीपासून बैठकीत हवं. शिवाय २०१६ च्या कायद्याने मांडवी, झुआरी, कुंभारजुवे कालवा, शापोरा आणि साळ हे राष्ट्रीय जलमार्ग आहेत, तेव्हा केंद्राच्या जलमार्ग प्राधिकरणाचं म्हणणंही घ्यावं लागेल. नगर नियोजन, वन, जलस्रोत ही खाती ओघाने आलीच.

गुणांकनाकडे येऊ. सरकारी खरेदीत गुणवत्ता आणि खर्च दोन्ही धरणारी पद्धत, क्यूसीबीएस, उपलब्ध आहे. जीएफआर २०१७ या केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार तीत गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, त्यावर नाही. तांत्रिक १०० गुण मी असे वाटेन: प्रमुख माणसं ४५, कामाची पद्धत ३०, कंपनीचा अनुभव १५, स्थानिक परिस्थितीची जाण १०. पंचेचाळिसात संघप्रमुख १२, किनारी अभियंता १०, सीआरझेडवाला ८, परिसरतज्ज्ञ ६, माती-पाया ५, समाज ४. खर्चाचा हिशेब मांडणाऱ्याला वेगळे गुण देत नाही, त्याचं काम पद्धतीच्या ३० गुणांत दिसतं. कंपनीच्या उलाढालीला गुण देऊ नका. ती पात्रतेची अट ठेवा, ‘आहे की नाही’ एवढीच, आणि तीही कामाच्या आकाराला शोभेल अशी. तीस लाखांच्या अभ्यासासाठी पन्नास कोटींची उलाढाल मागितली तर दोनच बोली येतात, आणि त्या दोन कुणाच्या हे गावाला आधीच ठाऊक असतं.

भाराइतकीच किमान गुणांची अट महत्त्वाची, हे एका कल्पित उदाहरणाने पाहा. तीन बोली आहेत. पहिलीला तांत्रिक ८८ गुण आणि फी ४२ लाख, दुसरीला ७६ आणि २८ लाख, तिसरीला ७१ आणि १९ लाख. खर्चाचे गुण म्हणजे सर्वांत कमी फी भागिले त्या बोलीची फी, गुणिले १००. भार ७०-३० (गुणवत्ता ७०, खर्च ३०) आणि किमान तांत्रिक गुण ७० ठेवले तर एकूण येतात ७५.१७, ७३.५६ आणि ७९.७०. तिसरी बोली, जी कशीबशी पास झाली, ती काम घेऊन जाते. भार ८०-२० केला तर ७९.४५, ७४.३७ आणि ७६.८०, पहिली जिंकते. आता किमान गुण ७५ करा. तिसरी बाहेर पडते, कमीत कमी फी २८ लाख होते. ७०-३० ला पहिली ८१.६० आणि दुसरी ८३.२०, म्हणजे दुसरी. ८०-२० ला ८३.७३ आणि ८०.८०, म्हणजे पहिली. हे गणित जाहिरातीआधी दोन-चार वेगवेगळ्या आकड्यांनी करून पाहा. आपल्याला नेमकं काय हवंय ते त्यातून मंडळाला कळतं. माझं मत, अशा अभ्यासाला ८०-२० आणि किमान ७५. लिफाफे उघडल्यावर यातलं काहीही बदलता येत नाही आणि बदलूही नये.

बोलीपूर्व बैठक पालिकेच्या सभागृहात घेण्यापेक्षा काठावर घ्या, उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटीला. भरतीच्या वेळी काठ सुंदर दिसतो आणि काहीच कळत नाही. ओहोटीला चिखल, गटारांची तोंडं, खचलेल्या जुन्या भिंतीचे दगड, सगळं उघडं पडतं. कोण बूट काढून खाली उतरतं आणि कोण गाडीजवळ उभं राहून फोटो काढतं, याला गुण देता येत नाहीत. पण पाहायला काय हरकत आहे?

मग मुलाखत. संघप्रमुख आणि किनारी अभियंता हजर हवेत. त्यांच्या जागी विक्री विभागाचा माणूस आला तर परत पाठवा. तीन प्रश्न पुरतात. या पट्ट्यात कुठे काहीच बांधू नये असं तुम्हाला वाटतं, आणि का? तुमच्या मागच्या अशा कामात परवानगी कुठे अडली? पाच वर्षांनी देखभालीला दरसाल किती लागतील आणि ते कुठून येतील? तिसऱ्याचं उत्तर ‘पीपीपी’ (खासगी भागीदारी) एवढंच आलं तर पुढे विचारा: कोण भाडं देणार, किती, पावसाळ्यातले चार महिने धरून की सोडून?

माणसांच्या बायोडेटावर सहीनिशी संमती मागा आणि पुढच्या सहा महिन्यांत ती किती कामांत गुंतली आहेत हे लिहून घ्या. एकच नामवंत तज्ज्ञ एकाच वेळी तीन-चार प्रस्तावांत दिसतो, हे सर्रास चालतं. आधीच्या ग्राहकांना फोन करा, पण ‘काम कसं होतं’ असं विचारू नका, सगळे ‘चांगलं’ म्हणतात. ‘प्रस्तावात लिहिलेल्यांपैकी प्रत्यक्ष कोण आलं होतं’ असं विचारा.

वेळापत्रक पावसाभोवती लावा. जाहिरात जानेवारीत, बोलीला किमान चार आठवडे, निवड मार्चअखेर, कार्यादेश एप्रिलच्या सुरुवातीला. मग बोअर, आडवे छेद आणि उन्हाळ्यातली क्षारता जूनआधी होतात, गटारांचं वागणं आणि पूर जुलै-ऑगस्टात दिसतो, आणि मसुदा दिवाळीच्या सुमाराला येतो. ऑक्टोबरात काम देऊन मार्चला अहवाल मागितला, तर सल्लागाराने पाऊस पाहिलेलाच नसतो. निधी मार्चअखेर परत जाईल म्हणून असं होतं, हे समजतं. तसं असेल तर उन्हाळ्याची मोजणी या वर्षात आणि पावसाळ्याची पुढच्या, असे दोन टप्पे करारात मांडा.

करारात फी ठोक ठेवा आणि टप्प्याने द्या: सुरुवातीच्या आराखड्याला १० टक्के, मोजणी अहवालाला ३०, पर्यायांच्या तुलनेला २०, मसुद्याला २०, अंतिम अहवालाला १०, आणि उरलेले १० जीसीझेडएमएच्या शंकांना उत्तरं दिल्यावर. नाव दिलेला प्रमुख माणूस बदलला तर बदली माणूस तितक्याच गुणांचा हवा आणि त्याच्या वाट्याच्या फीतून ठरावीक कपात. मूळ माहिती म्हणजे पीडीएफ नव्हे: पाणीपातळीच्या नोंदी तक्त्यात, नकाशे जीआयएस आणि कॅडच्या उघडता येणाऱ्या फाईलमध्ये, बोअरच्या नोंदी प्रयोगशाळेच्या सहीसह. काठावर पातळीचे दोन काँक्रीट खांब कायमचे रोवून द्यायला सांगा, म्हणजे पुढचा सर्व्हेयर त्याच शून्यापासून सुरुवात करील. मोजणीचे ३० टक्के सोडण्याआधी पालिकेच्या अभियंत्याने त्या फाईली आपल्या कचेरीतल्या संगणकावर उघडून, कोणतेही तीन छेद काठावर लेव्हल लावून ताडून पाहावेत आणि मगच बिलावर सही करावी.